आढीतला पेंढा

हापूसचा वास आला की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझं डोकं फिरतं.

दरवर्षी चैत्र सरता सरता दादाचा फोन येतो. "पहिली आढी उघडली गो. कधी येतेस?" दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मालगुंडच्या अलीकडे, सड्याच्या कातळी उतारावर आमची आंब्याची कलमं आहेत, ती तो बघतो. मी शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात फुप्फुसांची डॉक्टर आहे. सकाळी पेशंट तपासते आणि दुपारनंतर प्रयोगशाळेत बसते. माणसाची मऊ, स्पंजासारखी फुप्फुसं हळूहळू वहाणेच्या कातड्यासारखी कडक का होतात, आणि ते थांबवता येईल का, हा माझा विषय. अर्धं आयुष्य त्यात गेलं. दादाला माझ्या कामातलं एवढंच कळतं की बहिणीला फोन करायचा तर दुपारी करायचा नाही.

यंदाही फोन आला. मी एसी लावलेल्या खोलीत, बंद काचांच्या आत बसले होते. तरी तो वास नाकात आलाच. पिकत आलेल्या आंब्याचा गोड, जड वास, आणि त्याच्या खाली दुसरा एक वास, दमट, जुनाट, पेंढ्याचा. लोकांना पहिलाच येतो. मला आता दुसराच येतो.

ज्यांना आंबा फक्त पेटीतून भेटतो त्यांच्यासाठी सांगते. आढी म्हणजे आंब्याचं अंथरूण. झाडावरून उतरवलेला तयार आंबा हिरवाच असतो. एका काळोख्या खोलीत भाताच्या पेंढ्याचा जाड थर पसरायचा, त्यावर आंबे मांडायचे, वरून पुन्हा पेंढा. खिडक्या बंद, दार लोटलेलं. आतल्या उबेने आंबा रंग धरतो. मग बायका रोज पेंढा उपसून, चाचपून, पिकलेला वेगळा काढतात. लहानपणी मी त्या खोलीत जाऊन पडायची. बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत ती गोड ऊब, पायाला टोचणारा पेंढा, काळोखात कुजबुजत हसणाऱ्या बायका. आईने हाका मारून घसा कोरडा केला तरी मी ओ द्यायची नाही. सुख म्हणून मला अजून जे आठवतं ते त्या खोलीतलं आहे, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. वाईट आठवणीवर चिडणं सोपं असतं. चांगल्या आठवणीत विष होतं हे कळल्यावर माणसाने कुठे जावं?

ही गोष्ट गेल्या हंगामातली. मी चार दिवसांची रजा काढून घरी आले होते. मागच्या पडवीत चहा पीत बसले होते, तर खालच्या बाजूने कुणीतरी खोकत खोकत येत होतं. डॉक्टरला खोकला ऐकू आला की तो नुसता ऐकू येत नाही. हा कोरडा होता, आखूड आखूड, आणि मध्ये श्वास घ्यायला फुरसत न देणारा. पायऱ्यांवर शेवंतीवहिनी दिसली.

शेवंतीवहिनी शेजारच्या वाडीतली. नवरा मुंबईत वॉचमन, घरी मुलगा आणि सून. ती लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्या आढीवर. मला न्हाऊ-माखू घालण्याइतकी मोठी नाही, पण परकर धुळीत लोळवला म्हणून धपाटा घालण्याइतकी मोठी. आमच्या दहा-बारा पायऱ्या ती एका दमात चढायची, डोक्यावर आंब्यांची टोपली घेऊन. त्या दिवशी रिकाम्या हाताने चढताना ती मध्ये बसली.

"काय झालं गो वहिनी?"

"काय नाय गो बाय. टीबी हाय ना मना. तिसऱ्यांदा धरलान."

तिसऱ्यांदा. मी तिचा हात हातात घेतला. नखं फुगीर, पोपटाच्या चोचीसारखी वळलेली. खोलीतून नळी आणली आणि तिच्या पाठीला लावली. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावरून सोडताना जसा चर्र आवाज होतो, तसा आवाज प्रत्येक श्वासाला, दोन्ही बाजूंनी, तळाशी. हा आवाज मी आयुष्यभर ऐकत आले होते. याच आवाजाच्या मागे मी परदेशात जाऊन आले होते, उंदरांच्या फुप्फुसांचे पापुद्रे काचेवर चढवत रात्रंदिवस बसले होते, मोठमोठ्या सभांमध्ये पडद्यावर चित्रं दाखवून बोलले होते. आणि हा आवाज माझ्या घराच्या मागच्या पायऱ्यांवर बसून, पदराने घाम पुसत, मला विचारत होता, "चा घेतलास काय?"

मी तिच्यासाठी चहा मागवला. वहिनीने कप हातात घ्यायच्या आधी पदराखालून स्वतःचा पेला काढला. स्टीलचा, ओरखडे पडलेला. "याच्यात ओत गो. सून म्हनते, लोकांच्या भांड्याला तोंड लावू नको."

मला तेव्हाच ओरडावंसं वाटलं. पण कुणावर ओरडायचं हे तेव्हा ठरलं नव्हतं. नंतर ठरत गेलं. यादी काही लहान नव्हती.

पहिला तो बाजारातला डॉक्टर, वहिनीला टीबीच्या गोळ्या देणारा. मी दुसऱ्या दिवशी वहिनीला घेऊन त्याच्याकडे गेले. माणूस वाईट नव्हता. बाहेर बाकांवर पेशंट दाटीवाटीने बसलेले, आत पंखा बंद पडलेला.

"थुंकीत जंतू सापडले होते का?" मी विचारलं.

"नाही सापडले. पण मॅडम, तुम्ही मोठ्या ठिकाणच्या. इथे खोकला, संध्याकाळचा ताप आणि वजन कमी म्हटलं की टीबीच धरायचा."

"तिन्ही वेळा सापडले नाहीत?"

"नाही. पण औषधाने बऱ्या होतात ना! मे महिन्यात गोळ्या सुरू केल्या की गणपतीत ठणठणीत. मग आपल्याच मनाने गोळ्या सोडतात, म्हणून परत होतं." मग वहिनीकडे वळून त्याने आवाज चढवला. "नीट खात जा हो गोळ्या! किती वेळा सांगायचं?"

"खातंय हो," वहिनी म्हणाली. मान खाली.

ती खातच होती. लघवी लाल होईपर्यंत, जेवणावरची वासना उडेपर्यंत, दिवाळीपर्यंत, सहाच्या सहा महिने. मी ते रिकाम्या पाकिटांवरून नाही, तिच्या डोळ्यांवरून सांगते. आणि ती गणपतीत बरी व्हायची हेही खरं. गौरींच्या दिवशी तिची फुगडी बघायला वाडी जमायची. लोक म्हणायचे, गोळ्या लागू पडल्या. डॉक्टर म्हणायचा, लागू पडल्या. सून म्हणायची, बरं झालं, पण पेला वेगळाच असू दे.

कुणाच्याही लक्षात येऊ नये? आंबा संपतो कधी? जूनच्या सुरुवातीला. आढी मोडते, खोलीची दारं उघडतात, बायका शेतावर जातात. वहिनीचा खोकला श्रावणात ओसरतो. आणि पुढल्या वर्षी आढी पडली की पुन्हा खोकला. आंबा येतो आणि आजार येतो, आंबा जातो आणि आजार जातो. मध्ये गोळ्यांचं लचांड उगीच फुशारकी मारत उभं. सगळ्या रत्नागिरीला आंब्याचा हंगाम तोंडपाठ, पण शेजारणीच्या खोकल्याला हंगाम असतो हे कुणाला दिसलं नाही.

त्याच दुपारी मी आढीच्या खोलीत गेले. कितीतरी वर्षांनी. दार ढकललं तसा काळोख, ऊब आणि तोच वास. एक बाई वरचा पेंढा झटकत होती. कौलातल्या काचेतून उन्हाची एक पट्टी येत होती, आणि त्या पट्टीत पांढरी भुकटी तरंगत होती. इतकी की पलीकडची भिंत पुसट दिसत होती. मी पेंढा मुठीत घेतला. तो तुटायला हवा तसा कडक नव्हता. दमट, करडा, मध्ये मध्ये पांढऱ्या जाळीने चिकटलेला. बुरशी.

"दादा, हा पेंढा कधीचा?"

"गेल्या सालचा असेल. त्याच्या आधलाही असेल थोडा. माळ्यावर होता." दादा अभिमानाने म्हणाला. "नवा पेंढा गार पडतो गो. जुना ऊब धरतो. बाबांपासून जुनाच घालतो आपण."

जुना ऊब धरतो! धरणारच. कुजणारी वस्तू ऊब धरते. चार महिने कोकणातला पाऊस कौलांतून झिरपून ज्या माळ्यावर पडतो, तिथे ठेवलेला पेंढा आतून कुजतो, त्यावर बुरशी चढते. मग तो बंद खोलीत बायकांच्या नाकाखाली झटकायचा, रोज, सकाळपासून. ती भुकटी श्वासाबरोबर पार तळापर्यंत जाते. एखाद्याचं शरीर तिच्यावर असं काही चवताळून उठतं की भुकटीबरोबर स्वतःच्याच फुप्फुसांना झोडपून काढतं. संध्याकाळी कणकण येते, ती त्या मारामारीची. हंगाम संपला की मारामारी थांबते. पण प्रत्येक वेळी थोडा व्रण राहतो. असे व्रण साठत साठत एक दिवस सगळं फुप्फुसच व्रण होतं. तिथपर्यंत गेलं की माझ्या सगळ्या विद्येला हात जोडून बसण्याखेरीज काम उरत नाही.

वहिनीला घेऊन मी पालीवरून कोल्हापूरला गेले. घाटात तिला गाडी लागली, तर तिने उलटी पदरात घेतली, माझी गाडी खराब होऊ नये म्हणून. छातीचं स्कॅन केलं, रक्त घेतलं. खालच्या भागात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसायला लागली होती. फार नाही. पण होती. मुठीतला तो पेंढा पिशवीत बांधून मी शहरात नेला, आणि प्रयोगशाळेतल्या बशीत त्याची बुरशी कापसासारखी फोफावली. वहिनीच्या रक्ताने त्या बुरशीला ओळखलं. जुन्या वैऱ्याला ओळखावं तसं.

मला वाटलं, झालं. आता सगळे ऐकतील. काय भोळी होते मी!

आमच्याकडे संशोधनाचा विषय मंजूर करायला समिती असते. गोल टेबल, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं. मी सांगितलं की कोकणात आढीवर काम करणाऱ्या बायकांची फुप्फुसं तपासायची आहेत. मधोमध बसलेले ज्येष्ठ गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "हा आजार थंड देशांतल्या शेतकऱ्यांचा आहे. तिथे हिवाळ्यात गवत साठवतात. पुस्तकात तसंच आहे. कोकणात कुठून आला?"

"कोकणात पेंढा साठवतात, सर. आणि पाऊस पडतो."

"एका बाईवरून आजार ठरत नाही."

"म्हणून तर बाकीच्या तपासायच्या आहेत."

"त्यापेक्षा तुमचं उंदरांचं काम पुढे न्या. ते जागतिक दर्जाचं आहे."

उंदरांना वेगळा पेला देत नाहीत, हे मी बोलले नाही. बोलायला हवं होतं. बैठक संपली आणि जिन्यात त्याच गृहस्थांनी मला गाठलं. चेहरा अगदी घरगुती. "तुम्ही रत्नागिरीच्या ना? यंदा दोन पेट्या बघा की आमच्यासाठी. पण पेंढ्यातला हवा हं. तो केमिकलचा नको बाबा, तब्येतीला वाईट."

तब्येतीला वाईट! कुणाच्या तब्येतीला? खाणाऱ्याच्या तब्येतीची केवढी काळजी! पेट्यांवर आता छापतात, पारंपरिक पद्धतीने, नैसर्गिक, पेंढ्यात पिकवलेला. सोबत हसऱ्या नऊवारीतल्या बाईचं चित्र. त्या चित्रातली बाई कधी खोकत नाही.

आंब्याविरुद्ध माझं काही नाही. हे सांगावं लागतं, कारण गावात तशी बोंब झाली. मी फक्त एवढंच म्हणत होते की पेंढा दरवर्षी नवा, खडखडीत वाळवलेला घाला, किंवा घालूच नका, क्रेटमध्ये पिकवा, खिडक्या उघडा, बायकांना नाकावर चांगले मास्क द्या. यात चंद्रावर जायचं काही नव्हतं. दादाने सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. मी खूश होऊन परत गेले. वहिनीला योग्य औषध सुरू केलं, गोळ्यांचं ते लचांड बंद केलं.

यंदा फोन आला तशी मी निघाले. घरी पोचले तर आढी पडलेली, खोली बंद, वास तोच. पेंढा तोच. फक्त वहिनी नव्हती.

"तू सांगितलंस ना वहिनीला त्रास होतो," दादा म्हणाला. "मग तिला नको येऊस म्हटलं. सुगंधाला ठेवली तिच्या जागी. चटपटीत आहे पोरगी."

पेंढा बदलायचा नाही, बाई बदलायची! माझ्या सख्ख्या भावाने माझ्या निदानाचा हा अर्थ काढला होता, आणि त्याला वाटत होतं की आपण बहिणीचं ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट होती. तेवढ्यात आतून आवाज आला. कोरडा, आखूड आखूड खोकला. चटपटीत पोरीचा.

मी तशीच वहिनीच्या घरी गेले. ती मागच्या दाराशी एकटीच बसली होती. घरात टीव्ही चालू होता, माणसं आत होती, आणि ती बाहेर. अंगावर थोडं मांस चढलं होतं. श्वास बरा होता. डॉक्टर म्हणून मी खूश व्हायला हवं होतं.

"कशी आहेस गो?"

"बरी हाय. खोकला कमी हाय." मग म्हणाली, "टीबी नाय हे तू सांगितलास, पन इथं कोन मानतंय? मुलगा म्हनतो, असेल, पन काळजी घेतलेली बरी. आढीवर तसा नव्हता. थय सगल्या एका टोपात जेवायच्या. माज्या हातची चटनी मागून खायच्या. आता ता पन नाय." माझ्याकडे न बघता ती पुढे बोलली. "तू मना जगवलास बाय. आता कुठं जगू ता पन सांग."

मी उठले, तडक घरी आले आणि आढीचं दार सताड उघडून टाकलं. खिडक्यांच्या कड्या गंजल्या होत्या, दगडाने ठोकून काढल्या. आतल्या बायका बघत राहिल्या. "उचला," मी म्हटलं. "सगळा आंबा पडवीत आणा. पेंढा नको. क्रेट आहेत ना मागे, त्यात भरा."

दादा धावत आला. "डोकं फिरलं का तुझं? पडवीत वारा लागतो. एकसारखा पिकायचा नाही आंबा!"

"नाही पिकला तर नाही पिकला!"

हे वाक्य आमच्या अंगणात याआधी कुणी उच्चारलं नसेल. दादाचं तोंड उघडंच राहिलं. कुणीतरी फसकन हसलं, मला वाटतं सुगंधाच. पदर खोचून तीच पहिली पुढे झाली आणि बाकीच्या तिच्या मागे. कंबरेइतका पेंढा बाहेर आला, ऊन लागलं तसा त्यातून वाफ निघाली. दादा डोक्याला हात लावून पायरीवर बसला, पण त्याने अडवलं नाही. निदान तेवढं तरी त्याचं मी मानते.

मग वहिनीला आणायला सुगंधाच गेली. वहिनी आली ती थांबत थांबत, पायऱ्यांवर बसत. पडवीत वाऱ्याच्या तोंडाला तिला जागा केली. समोर क्रेट ठेवले. बायकांनी तिला मध्ये घेतलं, आणि काही वेळ तर कोण काय बोलतंय हेच कळेना.

मी तिच्या शेजारी बसले. तिने एक आंबा हातात घेऊन सहज विचारलं, "छातीतला जो गेलाय, तो परत येईल काय गो?"

खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. "नाही," मी म्हटलं.

"मग उरलाय त्यात भागवू. मे म्हयन्यात इहिरीचा पानी पुरवतो ना आपन, तसा."

ती हसत होती. आणि मला डॉक्टरचा, समितीचा, दादाचा आला नव्हता इतका राग तिचा आला. तिच्या त्या समजूतदारपणाचा. "नाही भागवायचं!" मी ओरडले. "भांडायचं! सुनेशी भांड, मुलाशी भांड, दादाशी भांड, त्या डॉक्टरला जाऊन विचार! तुझ्या फुप्फुसांचा तळ गेला वहिनी, आणि तू एकदाही आवाज चढवला नाहीस!"

वहिनीने आंबा क्रेटमध्ये नीट ठेवला. बोलायच्या आधी तिला श्वास गोळा करावा लागला, मग मधेही एकदा थांबावं लागलं.

"भांडायला छातीत वारा लागतो गो," ती म्हणाली. "तो तुज्याकडं हाय. तू भांड."